कान धर

"मान वाकडी करू नकोस," मास्तर म्हणाले. "डोक्यावरून हात ने आणि पलीकडचा कान धर."

चंद्रीची बोटं कानाच्या वरच अडकली. तिची आई पारू दोन पावलं पुढं सरकली. जन्माचा कागद नव्हता. कान हाताला लागला तरच शाळेत नाव, नाहीतर उद्यापासून पोर गुरांमागं.

"काल घरी पोचला व्हता हो! आसा बघा," म्हणत पारूनं स्वतःचाच हात डोक्यावरून नेला आणि कान धरला.

मास्तरांनी रजिस्टर ओढलं आणि चंद्रीची जन्मतारीख ठोकून दिली: एक जून.

"तुमचा हात तर कधीचाच पोचलाय," ते हळूच म्हणाले. "तुम्ही का नाही आलात शाळेत?"

"मला कान धर म्हननारं कुनी भेटलंच न्हाई, मास्तर."