गळ्यावरचा पट्टा

राजधानीच्या संग्रहालयाच्या पत्राला मी तीन वर्षं उत्तर दिलं नव्हतं. अल्ताईच्या कड्यांवर पकडलेल्या दोन राखाडी चिमण्यांपैकी एक मी पेंढा भरून तिकडे पाठवली होती, दुसरी घरी पिंजऱ्यात ठेवली होती. "जात नवी दिसते, नाव कळवा," असं त्यांनी लिहिलं होतं. मला धीर होईना. नेहमीच्या डोंगरी चिमणीच्या गळ्यावर, नर असो वा मादी, मोठेपणी काळा पट्टा येतो. ही तिचीच पिल्लं असली तर सगळ्या रशियात माझं हसं होणार. म्हणून रोज सकाळी मी भिंग घेऊन पट्टा शोधायचो.

"तीन हिवाळे झाले," माझी बायको ग्लाफिरा म्हणायची. "किती दिवस पिल्लूच म्हणणार तिला?"

"पिंजऱ्यात वाढ खुंटते," मी म्हणायचो.

आज पिंजरा साफ करताना ती ओरडली, "अहो, धावा! तुमच्या पिल्लानं अंडं घातलंय!"

तिच्या तळहातावरचं ते कोमट अंडं पाहून मी हसत सुटलो. मग टेबलाशी बसलो आणि उत्तर लिहून पाकीट चिकटवलं.

बाजाराला निघालेल्या ग्लाफिरानं ते टोपलीत ठेवलं. "नाव कुणाचं दिलंत? एखाद्या सेनापतीचंच असणार."

"छापून आलं की कळेल," मी पुस्तकात डोकं घालून पुटपुटलो.

तासाभरानं ती कोबी घेऊन परतली. "टाकलं बाई एकदाचं तुमचं पत्र!" आपलंच नाव आपण पेटीत टाकून आलो, याचा तिला पत्ताच नव्हता.