किरकोळ

"लॅब बंद कर," मोठे डॉक्टर म्हणाले.

देवदत्तनं कॉम्प्युटरवर लॅबचा भाग बंद केला. मिरजेच्या त्या हॉस्पिटलातला बाकीचा प्रोग्राम आपला चालूच. नोंदणीच्या खिडकीवर नावं चढत होती, वॉर्डातल्या रिकाम्या खाटा दिसत होत्या.

वर्षापूर्वी हे जमलंच नसतं. तेव्हा सगळा प्रोग्राम म्हणजे एकच ढीग, आणि त्यात कुठं काय आहे ते एकट्या देवदत्तला ठाऊक. दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला फोन आला, तर हा ओल्या डोक्यानं स्कूटरवर. आता त्याला पुण्यात नोकरी लागली होती, सोमवारी हजर व्हायचं होतं. बायको, शरयू, महिनाभर आधीच तिकडं खोली घेऊन राहिली होती. डॉक्टरांची अट पहिल्यापासून एकच: प्रोग्रामचे सुटे भाग कर, एक बंद पडला तर दुसरा अडता कामा नये, आणि तुझ्यामागं ते दुसऱ्या कुणाला सांभाळता आले पाहिजेत. मग खुशाल जा.

"आता वॉर्ड."

वॉर्ड बंद केला, चालू केला. मग औषधं. मग नोंदणी. कुठं काही अडलं नाही.

"झालं की रे!" डॉक्टरांनी रिलीव्हिंग लेटर पुढं ओढलं, पेनचं टोपण काढलं. देवदत्तला एकदम हलकं वाटलं. इतकं, की शरयूला फोन लावावा म्हणून त्यानं हात पुढं केलासुद्धा.

"सर, हे 'इतर' राहिलं," श्रद्धा म्हणाली. तिला त्याच्या जागी येऊन दीड महिना झाला होता.

"ते काय असतं?"

"काही नाही सर, किरकोळ आहे," देवदत्त म्हणाला.

किरकोळ कसलं! जे लॅबलाही लागतं आणि वॉर्डलाही, ते त्यात. एकाच नावाचे दोन पेशंट ओळखायचे कसे, ते त्यात. कुठं ठेवावं सुचलं नाही की हा पठ्ठ्या ते 'इतर'मध्ये टाकायचा, उद्या लावू म्हणून. तो उद्या वर्षभर उजाडला नव्हता.

"कर बंद."

त्यानं बंद केलं.

"आवं सायेब!" नोंदणीच्या खिडकीवरून हरणाबाई ओरडल्या. "माजं गेलं की वो समदं! पेशंट हुबा हाय हितं!" मागोमाग लॅबचा फोन वाजला. मग वॉर्डचा. मग औषधवाल्यांचा.

डॉक्टरांनी पेनला टोपण लावलं. चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

"किती दिवस लागतील लावायला?"

"तीन महिने. पण सर, सोमवारी गेलो नाही तर ती जागा जाते."

"श्रद्धा, तू घेशील हे?"

श्रद्धानं स्क्रीनकडं पाहिलं, मग देवदत्तकडं. "नाही सर. मला ह्यातलं कळत नाही. देवदत्त सरांशिवाय कुणालाच कळणार नाही."

पोरगी खोटं बोलत नव्हती. देवदत्तनं कुणाला शिव्या घालाव्यात तर दुसऱ्या कुणाची चूक नाही, सगळं आपल्याच हातचं. त्यानं 'इतर' चालू केलं. हरणाबाईंचा आवाज थांबला.

"तीन महिने तर तीन महिने," डॉक्टर उठत म्हणाले. "शरयूला म्हणावं, मीच थांबवलंय."

ते गेले आणि फोन पुन्हा वाजला. श्रद्धानं घेतला.

"ऑपरेशन थिएटरमधून आहे, सर. पेशंटचा रक्तगट त्यांच्याही स्क्रीनवर दिसायला पाहिजे म्हणतायत. संध्याकाळपर्यंत." तिनं फोनवर हात ठेवला. "हे कुठं लिहायचं? लॅबमध्ये की वॉर्डात?"

देवदत्त टेबलावरच्या बिनसहीच्या कागदाकडं बघत होता.

"टाक इतरमध्ये," तो म्हणाला. "नंतर लावू."