मांडीवरचं खोकं

“मावशी, खोकं खाली ठेवा. लोकं उभे हायेत,” कंडक्टर म्हणाला.

“आदमी उभा राहीन. खोकं बसूनच जाईन,” सोजराबाईनं सुनावलं.

गाडी खामगावहून सुटत होती. शेवटी तिच्या नवऱ्यानं, शालिग्रामनं, खोकं उचलून मांडीवर घेतलं आणि तिला शेजारी बसवलं.

खोक्यात काळवीट होतं. सागाच्या एकाच तुकड्यातून त्यानं कोरलेलं, उडी घेतानाचं. सारा भार मागच्या दोन बारीक पायांवर. त्यानंतर त्याच्या हाताला कंप सुटला आणि पटाशी कायमची खाली ठेवावी लागली. आज पहाटे सोनाळ्याला घरी त्यानं ते स्वतः कापसात बसवलं, पायांभोवती जुन्या लुगड्याच्या पट्ट्या गुंडाळल्या, फटींत कुटाराचा भुसा भरला. सुतळी मात्र सोजराबाईनं बांधली. गाठ मारणं आता त्याला जमत नव्हतं.

गाडी आदळली की ती त्याच्या हातांवर आपले हात ठेवी. “बुलढाण्याचे लोकं पाहतीन आता. इचारतीन, कोनाच्या हातचं हाये म्हणून.” तो खिडकीबाहेर बघे.

प्रदर्शनाच्या हॉलात समीक्षा नावाच्या तरुण संयोजिकेनं सुतळी कापली, कुटार बाजूला सारलं आणि काळवीट अलगद वर उचललं. मागचे दोन्ही पाय कापसातच राहिले.

“काका, चिकटवता येईल का?” तिनं हळूच विचारलं.

शालिग्रामनं नुसता आपला हात पुढे धरला. तो थरथरत होता.

सोजराबाई मटकन खाली बसली. “मेला डायवर! कशी आपटली गाडी त्यानं! अन् मी बी अशी, घाटात डोळा लागला माहा. मी धरलं असतं तं...” ती कपाळ बडवून घेऊ लागली.

शालिग्रामनं तिचे हात धरले. “डायवरनं काही नाही केलं वं. तू बी नाही. घरीच मोडलं. कापसात ठेवता ठेवता माहाच हात हालला.”

“मंग इतक्या दूर आणलं काऊन? मले सांगतलं काऊन नाही?”

“सांगाले बाहेर आलतो,” तो म्हणाला. “तू दारात उभी होती. साऱ्या गल्लीले सांगून राह्यली होती, का आमाले बुलढाण्याले बलावलं.”