दहा मिनिटांची चाचणी

“बंद कर आता. दहा मिनिटं झाली, चाचणी झाली,” मामा म्हणाले.

भाचीने मोटरचा खटका तसाच चालू ठेवला व ती खटका अडवून उभी राहिली.

प्रश्न चाचणीच्या कागदावरील तिच्या एका सहीचा होता. लिफ्टच्या कारखान्यास दीडपट भार उचलणारी मोटर हवी होती. आकार मात्र पूर्वीचाच. मामांनी क्षणाचाही विचार न करता शब्द दिला. भाची पहिल्या दिवसापासून नाही म्हणत होती. जोर वाढवायचा तर विद्युतप्रवाह वाढतो. तो वाहण्यास तार जाड हवी. जाड तार गाभ्याच्या खाचेत मावत नाही, आणि बारीक तारेतून प्रवाह रेटला की ती त्यास अडविते व तापते. मामांनी बारीक तारच गुंडाळली होती.

“मामा, लिफ्ट काय दहा मिनिटं चालून घरी जाते?”

“दोन बुकं शिकलीस आणि मला अक्कल शिकवतेस?”

“अक्कल तुमचीच आहे. मोटरचा ताप वाढायचा थांबेपर्यंत सही करायची नाही, हे मला कुणी सांगितलं?”

लिफ्टवाले साहेब चाचणीचा कागद मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी घड्याळ पाहिले. “चालू द्या तासभर. मला घाई नाही.”

“चालू द्या की. माझी मोटर आहे ती,” मामा हसून म्हणाले.

भाची खटक्यापासून बाजूला झाली. मामांच्या कार्यशाळेत मोटरच्या पाठीवर तळहात ठेवून अंक मोजण्याची रीत होती. दहा मोजेपर्यंत हात टिकला तर मोटर निरोगी. पंधराव्या मिनिटास भाचीने दहा मोजले. तिसाव्या मिनिटास सात.

“आज तुझा हातच नाजूक झालाय,” मामा म्हणाले.

“मग तुमचा ठेवा.”

मामा जागचे हलले नाहीत. चाळिसाव्या मिनिटास तिने चार मोजले आणि हात मागे घेतला. मामांनी रुमालाने मान पुसली. साहेबांकडे पाहिले, भाचीकडे पाहिले, आणि अखेरीस तिच्या बाजूने पुढे होऊन स्वतःच्या हाताने खटका पाडून मोटर बंद केली.

साहेब आश्चर्याने उठून उभे राहिले. मोटरमधून अद्याप धुराची एक रेषादेखील निघाली नव्हती, तरी मामांनी आपणहून माघार घेतली होती.