उन्हाळ्याचे नमुने

बाटलीत बुडबुडा राहिला तर रेडॉन वायू निसटतो, म्हणून संशोधक मानसीने ती नदीत बुडवूनच बंद केली. रेडॉन येतो जमिनीखालच्या पाण्यातून. गेल्या खेपेला तो हौसाक्काच्या विहिरीखालच्या काठाला सर्वांत जास्त सापडला होता, आणि कारखान्याचं विषही तिथेच. म्हणजे विष विहिरीकडूनच नदीत झिरपत होतं.

"नदी नासली, म्हणून पोटुशा सुनेला विहिरीचंच पाजते बघ," विहिरीच्या पाण्याचा तांब्या घेऊन काठावर आलेली हौसाक्का म्हणाली.

मानसीने बाजूला जाऊन संशोधनाचे मार्गदर्शक असलेल्या सरांना फोन लावला. "विहीर बंद करायला सांगू?"

"एवढ्यात नको. उपसा थांबला की आकडे बदलतील. उन्हाळ्याचे नमुने होऊ देत."

हौसाक्काने तांब्या पुढे केला. "आमचं पाणी बरं हाय न्हवं?"

"नदीचं मात्र पिऊ नका," मानसी म्हणाली आणि तिने पिशवीतली विकतची बाटली उघडली.