काचेपलीकडचं बोलणं

"ताई, काय म्हणतायत डॉक्टर?" ओजसने कौमुदीचा चेहरा आपल्याकडे वळवून विचारलं.

लहानपणी तापात कौमुदीचं ऐकू येणं गेलं, तेव्हापासून ती ओठ वाचायची. दोघं भावंडं रहस्यकथा वाचत आणि त्यातल्या हुशार पोरांसारखा गावात तपास करत फिरत. दुकानाच्या काचेमागचं बोलणं ती सांगायची, ओजस पुढचे तर्क लढवायचा. आज हॉस्पिटलच्या काचेमागे आईचे डॉक्टर होते आणि त्यांच्यासमोर बाबा, पाठमोरे.

"आता काही उपाय उरलेला नाही," डॉक्टर म्हणत होते. "मुलांना सांगून टाका."

कौमुदीने काचेवरची नजर काढून ओजसकडे पाहिलं. "आईला उद्यापासून मऊ भात द्या म्हणतायत," ती म्हणाली.

ओजसचा चेहरा खुलला. "म्हणजे आई बरी होतेय," म्हणत तो मावशीला सांगायला पळाला.

बाबा बाहेर आले. रुमालाने तोंड पुसून तिच्यासमोर उकिडवे बसले आणि तिला नीट कळावं म्हणून सावकाश बोलले, "आई लवकरच घरी येणार आहे."

तिने शेवटच्या अक्षरापर्यंत त्यांच्या ओठांकडे पाहिलं. मग त्यांचा हात हातात घेऊन म्हणाली, "हो, बाबा."