पाळण्याची सुई

“बोलायचं ते मी बोलंन. तू तोंड उघडू नको गं,” शिळफाट्याच्या दवाखान्याच्या पायरीवरच सोनुबाईने सुनेला बजावलं.

लग्नाला वर्ष झालं, तरी हर्षलाची कूस उजवली नव्हती. लोधिवलीत शेजारच्या येसूबाईने पाळण्याच्या सुईचं काहीबाही कानावर घातलं, आणि सोनुबाईचं म्हणजे पी हळद नि हो गोरी.

“सुनेला ती पाळण्याची सुई द्या,” तिने नर्सला सांगितलं. तुझी तयारी आहे ना, असं नर्सने हर्षलाला विचारलं. हर्षलाने सासूकडे बघून मान हलवली. दर तीन महिन्यांनी यायचं, तारीख चुकली की सगळं वाया, असं नर्सने दोघींना समजावलं.

तारीख एकदाही चुकली नाही. भातलावणी अंगावर असतानाही सोनुबाई चिखलाचे पाय धुऊन सुनेला घेऊन निघायची.

तिसऱ्या महिन्यात हर्षलाला मळमळू लागलं, पाळीही आली नाही. सोनुबाईने देवापुढे नारळ फोडला, चिंचा आणल्या. दहाव्या दिवशी साडीला डाग लागला आणि चिंचा तशाच राहिल्या. मग कशाचा ताळमेळच उरला नाही. कधी आठ-आठ दिवस हर्षला बाजूला बसायची, कधी दोन महिने काहीच नाही. डोकं ठणकायचं, अंग सुटत चाललं. त्रास होत असेल तर दुसरा उपाय करू, असं नर्स म्हणाली. सोनुबाईने ऐकलं नाही. गुण यायचा तर कळ काढावीच लागते, असं तिचं म्हणणं.

“आई, ही सुई नक्की कसली, नर्सबाईंना विचारू का?” एकदा हर्षलाने भीतभीत विचारलं.

“पोर द्यायची अक्कल नाय, नि नर्सला शिकवतेस?”



दोन वर्षं गेली. गावात बायका तिला वांझ म्हणू लागल्या. नवरा योगेंद्र मातीच्या गणपतीसारखा बसून राहिला. शेवटी सोडचिठ्ठीच्या कागदांवर सह्या झाल्या, आणि हर्षलाचा भाऊ शेलूहून टेंपो घेऊन आला. निघताना हर्षला पाया पडायला वाकली. सोनुबाईने पाय मागे घेतले.

त्याच दुपारी ती तरातरा शिळफाट्याला गेली. “दोन वर्सं सुया टोचल्या तुमी. माझ्या घरात पाळणा काय हलला नाय. आज सुनेला घालवून दिली मी.”

नर्सने हातातली नोंदवही खाली ठेवली.

“हलेल कसा, मावशी? तो लांबवायलाच तर तुम्ही तिला दर तीन महिन्यांनी आणत होता.”